मिलग्राम यांचा आज्ञापालनाचा प्रयोग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा प्रयोग कोणी, कधी आणि कुठे केला?

स्टॅन्ली मिलग्राम या सामाजिक मानसशास्त्रज्ञाने, अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरातल्या येल विद्यापीठात, ऑगस्ट १९६१ ते मे १९६२ या काळात. प्रयोग थोडक्यात असा : सामान्य माणसाला दुसऱ्या माणसाला विजेचे वाढत जाणारे (खरं तर नकली) शॉक द्यायला सांगायचं आणि तो हुकूम कुठवर पाळतो ते पाहायचं. तेव्हा ते तिशीच्या आतले, नुकतेच नोकरीला लागलेले प्राध्यापक होते. पहिला शोधनिबंध १९६३ मध्ये आला आणि सगळ्या फेऱ्यांचं सविस्तर पुस्तक १९७४ मध्ये.

काळ लक्षात ठेवण्यासारखा आहे. एप्रिल १९६१ मध्ये जेरुसलेमला नाझी अधिकारी अॅडॉल्फ आइकमनवर खटला सुरू झाला होता. लाखो ज्यूंना मृत्युछावण्यांत पाठवण्याची व्यवस्था पाहणारा हा माणूस न्यायालयात सांगत होता की मी फक्त हुकूम पाळले. आपल्याकडे 'आम्ही काय, हुकमाचे ताबेदार' म्हणतात, तोच बचाव. मिलग्राम स्वतः पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबातले, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात वाढलेले. हा बचाव कितपत खरा असू शकतो हे त्यांना तपासायचं होतं.

एक प्रयोग की अनेक?

अनेक, आणि वाचकांची सगळ्यात मोठी गफलत इथेच होते. एकच मांडणी थोडी थोडी बदलून वीसहून अधिक फेऱ्या झाल्या आणि त्यांत एकूण सुमारे ७८० माणसं सहभागी झाली. '६५ टक्के लोक शेवटच्या शॉकपर्यंत गेले' हा जो आकडा सगळीकडे फिरतो तो त्यातल्या काही ठरावीक फेऱ्यांचा आहे. इतर फेऱ्यांत हाच आकडा शून्यापासून ९२.५ पर्यंत गेला. म्हणून फक्त ६५ लक्षात ठेवणाऱ्याच्या हाती प्रयोगाचा छोटासा तुकडाच लागतो.

माणसं कुठून आणली?

स्थानिक वर्तमानपत्रात जाहिरात दिली : स्मरणशक्तीच्या अभ्यासासाठी न्यू हेवनचे ५०० पुरुष हवेत, एक तासाचं काम, ४ डॉलर आणि येण्याजाण्याचे ५० सेंट. पुरेसे लोक मिळाले नाहीत, तेव्हा टेलिफोन डिरेक्टरीतून नावं काढून पत्रं पाठवली. वय २० ते ५०. पहिल्या फेरीच्या ४० जणांत सुमारे ४० टक्के कामगार, ४० टक्के कारकून, विक्रेते, व्यापारी असे आणि २० टक्के उच्चशिक्षित व्यावसायिक होते. विद्यापीठातली तरुण मुलं मुद्दाम टाळली होती. उत्तरपत्रिकेत 'महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर प्रयोग केला' असं लिहिलेलं पुष्कळदा दिसतं, ते चूक आहे.

आल्या आल्या प्रत्येकाच्या हातात पैसे ठेवले जात आणि सांगितलं जाई की हे फक्त इथवर आल्याबद्दल आहेत, पुढे काहीही झालं तरी तुमचेच. म्हणजे पैसे बुडतील म्हणून लोक थांबले नाहीत, हे स्पष्टीकरण टिकत नाही.

प्रत्यक्ष काय घडत असे? क्रमाने सांगा.

खोलीत तिघे असत. सहभागी माणूस, त्याच्यासारखाच जाहिरात वाचून आलेला वाटणारा दुसरा माणूस आणि करड्या रंगाचा कोट घातलेला प्रयोगकर्ता. दुसरा माणूस खरं तर मिलग्राम यांचा सहकारी, ४७ वर्षांचा, मृदू स्वभावाचा वाटणारा हिशेबनीस. प्रयोगकर्त्याची भूमिका ३१ वर्षांचा शाळेतला जीवशास्त्राचा शिक्षक करत असे. चेहरा कोरा, आवाज थोडा कडक.

'शिक्षक' कोण आणि 'विद्यार्थी' कोण हे चिठ्ठी टाकून ठरे. दोन्ही चिठ्ठ्यांवर 'शिक्षक' असंच लिहिलेलं असल्यामुळे खरा सहभागी नेहमी शिक्षक होई. मग दोघे पलीकडच्या खोलीत जात. तिथे शिक्षकाच्या डोळ्यांदेखत विद्यार्थ्याला खुर्चीला पट्ट्यांनी बांधत आणि मनगटाला इलेक्ट्रोड लावत. इलेक्ट्रोडखाली मलम चोळलं जाई. फोड येऊ नयेत आणि भाजू नये म्हणून, असं त्याला सांगत. एवढ्याशा मलमाने पुढचं सगळं खरं वाटायला लागे.

शिक्षकाने शब्दांच्या जोड्या वाचायच्या, 'निळी पेटी', 'छान दिवस', 'रानटी बदक' अशा. नंतर जोडीतला एक शब्द आणि चार पर्याय द्यायचे. विद्यार्थी समोरच्या चार बटणांपैकी एक दाबे आणि शिक्षकाकडे चारपैकी एक दिवा लागे. उत्तर चुकलं की शॉक. प्रत्येक चुकीला एक पायरी वर जायचं आणि शॉक देण्याआधी व्होल्टचा आकडा मोठ्याने म्हणायचा. ही अट कडक होती. आपण कुठवर आलो ते कळलंच नाही, असं म्हणायला तिने वावच ठेवला नाही. विद्यार्थ्याची उत्तरं आधीच ठरलेली होती : साधारण तीन चुकीची, एक बरोबर.

शॉक देणारं यंत्र कसं होतं?

समोर ३० बटणांची आडवी रांग, १५ व्होल्टपासून ४५० व्होल्टपर्यंत, १५-१५ च्या अंतराने. चार-चार बटणांच्या गटाखाली शब्द कोरलेले : सौम्य शॉक, मध्यम, जोरदार, फार जोरदार, तीव्र, अतितीव्र, आणि ३७५ पासून 'धोका : भयंकर शॉक'. शेवटच्या दोन बटणांखाली, म्हणजे ४३५ आणि ४५० च्या खाली, शब्दच नव्हता. फक्त तीन फुल्या.

बटण दाबलं की वरचा लाल दिवा लागे, गुणगुण असा विजेचा आवाज येई, निळा दिवा चमके, मीटरचा काटा उजवीकडे झुके आणि आतून रिलेची टकटक ऐकू येई. यंत्रावर कंपनीचं नाव आणि मॉडेल नंबरही कोरला होता. ती कंपनी अस्तित्वातच नव्हती. विद्यार्थ्यापर्यंत वीज जात नव्हती. खरा शॉक एकच, शिक्षकाला नमुन्यादाखल मनगटावर दिलेला ४५ व्होल्टचा.

अंदाजासाठी : आपल्या घरातल्या प्लगमध्ये २३० व्होल्ट असतात, अमेरिकेत त्याच्या साधारण निम्मे. त्या माणसांच्या घरच्या विजेची पातळी आठव्या बटणाच्या आसपास मागे पडत होती आणि पुढे बावीस बटणं शिल्लक होती.

शिक्षक थांबला तर प्रयोगकर्ता काय म्हणे?

चार वाक्यं ठरलेली होती, याच क्रमाने :

१. कृपया पुढे चला.
२. प्रयोगासाठी तुम्ही पुढे जाणं गरजेचं आहे.
३. तुम्ही पुढे जाणं अत्यंत आवश्यक आहे.
४. तुमच्यापुढे दुसरा पर्याय नाही, तुम्हाला पुढे जावंच लागेल.

पहिल्या वाक्याने काम झालं नाही तरच दुसरं, असं. चौथ्यानंतरही माणूस नाही म्हणाला की प्रयोग तिथेच संपे. विद्यार्थ्याला इजा होईल का असं विचारलं तर उत्तर ठरलेलं : शॉक वेदनादायक असले तरी कायमची इजा होत नाही, तेव्हा पुढे चला.

कागदावर हे असं नेटकं आहे. येलमध्ये जपलेल्या ध्वनिफिती नंतरच्या अभ्यासकांनी ऐकल्या, तेव्हा प्रयोगकर्ता काही वेळा या चार वाक्यांच्या बाहेर जाऊन समजावत, आग्रह करत असल्याचं आढळलं. हा आक्षेप गंभीर आहे. सगळ्यांना सारखाच दबाव मिळाला असं मग ठामपणे म्हणता येत नाही.

निकाल काय लागला?

पहिल्या फेरीत विद्यार्थी पलीकडच्या खोलीत होता आणि त्याचा आवाज येत नव्हता. फक्त ३०० व्होल्टला तो भिंतीवर धक्के मारे, ३१५ नंतर तेही बंद आणि उत्तरंही बंद. उत्तर न देणं हे चुकीचं उत्तर धरायचं, असं शिक्षकाला सांगितलेलं होतं.

४० जणांपैकी ३०० च्या आधी कोणीही थांबलं नाही. ३०० ला ५ जण थांबले, ३१५ ला ४, ३३० ला २, आणि ३४५, ३६० व ३७५ ला प्रत्येकी एक. उरलेले २६ जण ४५० पर्यंत गेले. हेच ते ६५ टक्के.

प्रयोगाआधी मिलग्राम यांनी मानसोपचारतज्ज्ञांना अंदाज विचारला होता. त्यांच्या मते बहुतेक लोक १५० च्या पुढे जाणार नव्हते आणि शेवटचं बटण हजारात एखादाच दाबणार होता.

ही माणसं थंड डोक्याने शॉक देत होती का?

नाही. त्यांना घाम फुटत होता, हात थरथरत होते, बोलताना अडखळायला होत होतं, ओठ चावले जात होते, नखं तळव्यात रुतत होती. पहिल्या फेरीतल्या ४० पैकी १४ जणांना मध्येच विचित्र, न आवरणारं हसू फुटलं. तिघांना झटके यावेत इतकं ते अनावर झालं. नंतर त्यातले काही जण कळवळून सांगत होते की हे हसू मजा वाटून आलेलं नव्हतं. म्हणून या लोकांना 'सांगकामे' म्हणणं अन्यायाचं आहे. सांगकाम्याला प्रश्न पडत नाही. यांना पडत होता, ते तोंडाने 'हे बरोबर नाही' म्हणत होते आणि हात पुढच्या बटणाकडे जात होता. बोलणं आणि करणं यांच्यातली ही फट हाच या प्रयोगाचा खरा विषय आहे असं आमचं मत आहे.

कोणत्या फेरीत आकडा किती बदलला?

आधी अंतर पाहू. विद्यार्थ्याच्या किंकाळ्या भिंतीतून ऐकू आल्या तर ६२.५ टक्के शेवटपर्यंत गेले. तो त्याच खोलीत, हाताच्या अंतरावर बसला तर ४० टक्के. त्याचा हात धरून धातूच्या पट्टीवर दाबायला लागला तर ३० टक्के. शेवटच्या या आकड्यापाशी थोडं थांबावं : ४० पैकी १२ जणांनी विरोध करणाऱ्या माणसाचा हात स्वतः दाबून धरला.

आता प्रयोगकर्त्याचं अंतर. तो खोलीतून निघून गेला आणि फोनवरून सूचना देऊ लागला की आज्ञा पाळणारे साधारण एकपंचमांशावर आले. त्यातही काही जण फोनवर 'वाढवतोय' म्हणत आणि प्रत्यक्षात खालचंच बटण दाबत. तोंडावर नाही म्हणायला ते कचरले, पण समोरच्याला त्रासही द्यायला तयार नव्हते.

येलचं नाव काढून प्रयोग ब्रिजपोर्ट शहरातल्या एका साध्या व्यापारी इमारतीत नेला तेव्हा आकडा ४७.५ झाला. विद्यापीठाच्या वजनाचा परिणाम होता, पण लोकांना वाटतो तेवढा मोठा नव्हता.

व्होल्ट किती द्यायचे हे शिक्षकावर सोडलं, तेव्हा ४० पैकी फक्त एक जण शेवटपर्यंत गेला. 'माणसात दडलेली क्रूरता बाहेर आली' असं जे म्हणतात, त्यांनी ही फेरी नक्की वाचावी. मोकळीक होती तेव्हा लोकांनी हात आखडता घेतला.

दोन प्रयोगकर्ते समोर बसून एक 'चालू ठेवा' आणि दुसरा 'थांबवा' म्हणू लागला, तेव्हा २० पैकी एकही शेवटपर्यंत गेला नाही. शिक्षकाबरोबर आणखी दोन शिक्षक (दोघेही मिलग्राम यांचे सहकारी) बसवले, त्यातला एक १५० ला उठला, दुसरा २१० ला. मग फक्त १० टक्के पुढे गेले. शेजारी कोणीतरी आधी उठणं यापेक्षा परिणामकारक उपाय या सगळ्या मालिकेत क्वचितच दिसतो.

आणि उलट टोक : बटण दुसरा कोणी दाबतो आहे आणि आपल्याकडे फक्त प्रश्न वाचण्यासारखं दुय्यम काम आहे, अशा फेरीत ४० पैकी ३७ जण शेवटपर्यंत सोबत राहिले, म्हणजे ९२.५ टक्के. कार्यालयातल्या फाइलवर ज्यांची फक्त मधली एक सही असते त्यांना ही फेरी ओळखीची वाटेल.

स्त्रियांवर प्रयोग झाला का?

एका फेरीत. ४० पैकी २६, पुन्हा ६५ टक्के. त्यांनी सांगितलेला ताण मात्र पुरुषांपेक्षा जास्त होता.

१५० व्होल्टला एवढं महत्त्व का?

कारण ज्या फेऱ्यांत विद्यार्थ्याचा आवाज ऐकू येतो त्यांत तो पहिल्यांदा स्पष्ट मागणी करतो ती तिथे. ७५ ला तो कण्हतो, १२० ला दुखतंय म्हणून ओरडतो, पण १५० ला म्हणतो : मला बाहेर काढा, मला पुढे जायचं नाही. त्याआधी तो फक्त कळवळत होता, इथे त्याने नकार दिला.

विद्यार्थी आपल्या हृदयविकाराचा उल्लेख करतो त्या फेरीत ४० पैकी ७ जण १५० पर्यंत थांबले. त्यापुढे गेलेल्या ३३ पैकी २६ जण थेट ४५० ला पोचले, म्हणजे ७९ टक्के. १५० ओलांडल्यावर पुढची प्रत्येक पायरी फक्त १५ व्होल्टची असते. १६५ ला थांबायचं तर १५० का दिले याचं उत्तर स्वतःला द्यावं लागतं, आणि ते जड जातं.

लोकांना खरंच वाटत होतं का, की सगळं नाटक आहे हे कळलं होतं?

नंतरच्या प्रश्नावलीत ५६.१ टक्के लोकांनी सांगितलं की विद्यार्थ्याला शॉक बसतो आहे याची त्यांना पूर्ण खात्री होती. २४ टक्क्यांना शंका होती, पण बहुधा बसत असावेत असं वाटलं. नक्कीच बसत नाहीत म्हणणारे २.४ टक्के. उरलेले मधे कुठेतरी.

मिलग्राम यांनी हे आकडे आपल्या बाजूने वाचले. पण कागदपत्रांच्या पुढच्या विश्लेषणात दिसलं की ज्यांचा विश्वास कमी होता ते जास्त वरपर्यंत गेले आणि ज्यांना वेदना खऱ्या वाटल्या ते लवकर थांबले. प्रयोग यामुळे खोटा ठरत नाही. मात्र ६५ हा आकडा थोडा हात राखून वापरायला हवा.

प्रयोग अनैतिक होता का?

आजच्या नियमांनुसार तो तसाच्या तसा करता येणार नाही. १९६४ मध्ये मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी जाहीर टीका केली : विश्वासाने आलेल्या माणसाला इतका ताण देण्याचा अधिकार संशोधकाला नाही. मिलग्राम यांचं उत्तर होतं की सहभागी झाल्याचा आनंद आहे असं ८४ टक्के लोकांनी कळवलं आणि पस्तावा होणारे १.३ टक्केच होते. या उत्तरातला कच्चा दुवा असा की लोकांना नंतर बरं वाटलं म्हणून आधीची फसवणूक योग्य ठरत नाही. शिवाय प्रयोग संपल्यावर सगळ्यांना सगळं सांगितलं गेलं नव्हतं. बऱ्याच जणांना शॉक नकली होते हे काही महिन्यांनी, टपालाने आलेल्या अहवालातून कळलं. मधल्या काळात आपण कोणाला तरी खरोखर इजा केली या समजुतीत ते वावरले. आमच्या दृष्टीने ही सगळ्यात मोठी चूक आहे, कारण ती टाळता येण्यासारखी होती.

नंतर कोणी हा प्रयोग पुन्हा केला?

अनेकांनी. सगळ्यात काळजीपूर्वक केलेला अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेरी बर्गर यांचा, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला. त्यांनी १५० ला प्रयोग थांबवला, नमुन्याचा शॉक १५ व्होल्टचा ठेवला, माणसं आधी गाळून घेतली, कधीही उठून जाता येईल असं तीनदा सांगितलं आणि संपताक्षणी विद्यार्थ्याला समोर आणलं. ४० पैकी २८ जण १५० च्या पुढे जायला तयार होते. त्या नोंदींत आणखी एक गोष्ट सापडली : चौथं वाक्य, 'दुसरा पर्याय नाही', ऐकल्यावर कोणीच पुढे गेलं नाही. लोक उघड हुकमाला नाही म्हणत होते आणि 'प्रयोगासाठी गरज आहे' या वाक्याला हो म्हणत होते. त्यामुळे काही अभ्यासक आता याला आंधळं आज्ञापालन न म्हणता चांगल्या वाटणाऱ्या कामाशी जोडून घेणं म्हणतात. आम्हालाही हे स्पष्टीकरण जास्त पटतं.

पोलंडमध्ये २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ८० पैकी ७२ जणांनी दहाव्या बटणापर्यंत मजल मारली. तिथे दहावं बटण हेच शेवटचं होतं.

परिचारिकांचा प्रयोग तो हाच का?

नाही, तो चार्ल्स हॉफ्लिंग यांचा, १९६६ चा. अनोळखी 'डॉक्टर' फोनवरून २० मिलिग्रॅम औषध द्यायला सांगतो. बाटलीवर दिवसाची कमाल मात्रा १० लिहिलेली असते. २२ पैकी २१ परिचारिका द्यायला निघाल्या. पण १९७७ मध्ये ओळखीचं औषध आणि सहकाऱ्यांना विचारण्याची मुभा ठेवून असाच प्रयोग झाला, तेव्हा १८ पैकी दोघीच तयार झाल्या. पहिला आकडा सांगताना दुसराही सांगावा.

स्टॅनफर्डच्या तुरुंगाचा प्रयोग आणि हा यांत लोक घोळ करतात. फरक काय?

तो फिलिप झिम्बार्डो यांचा, १९७१ चा. तिथे विषय भूमिकांचा होता, कैदी आणि पहारेकरी. दोन आठवड्यांचा बेत सहा दिवसांत गुंडाळावा लागला. गंमत म्हणजे मिलग्राम आणि झिम्बार्डो ब्राँक्समधल्या एकाच शाळेत, एकाच वर्गात होते.

स्पर्धा परीक्षेच्या उत्तरात हे कसं लिहावं?

यूपीएससीच्या नीतिशास्त्राच्या पेपरात वृत्ती आणि सामाजिक प्रभाव हे घटक आहेत, तिथे हे उदाहरण चपखल बसतं. वर्णनात शब्द घालवू नका. दोन ओळी मांडणीला, मग किमान तीन फेऱ्यांचे आकडे : त्याच खोलीत ४०, फोनवरून सुमारे २०, दोन सहकाऱ्यांनी नकार दिल्यावर १०. त्यावरून प्रशासनातला एखादा ठोस उपाय जोडा, जसं की तोंडी आदेश लेखी मागणे. 'माणूस मुळात क्रूर आहे' असा निष्कर्ष काढला तर परीक्षकाला कळतं की मूळ वाचलेलं नाही.

वर्गात हा प्रयोग करून दाखवता येईल का?

फसवणुकीचा भाग नको. भारतात आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार फसवणूक असलेल्या संशोधनाला नैतिकता समितीची मंजुरी लागते. वर्गातला तास म्हणजे संशोधन नव्हे म्हणून तो सुटतो, असं समजू नये. मुलांच्या मनावरचा ताण तोच असतो.

अंदाजाचा खेळ मात्र पंधरा मिनिटांत होतो आणि चांगला रंगतो. फळ्यावर ३० पायऱ्या काढा, प्रत्येक गटाखाली शब्द लिहा, ७५, १२०, १५०, २७० आणि ३३० ला विद्यार्थी काय करतो ते सांगा (२७० ला किंकाळी, ३३० नंतर शांतता). प्रत्येकाला बिननावाची चिठ्ठी द्या आणि तीन आकडे लिहायला सांगा : मी कुठे थांबेन, माझ्या ओळखीचा सर्वसाधारण माणूस कुठे थांबेल, शंभरातले किती जण शेवटपर्यंत जातील. चिठ्ठ्या गोळा करून सरासरी फळ्यावर मांडा, मगच खरे आकडे सांगा.

हे फसतं ते तीन कारणांनी. आधीच चित्रफीत दाखवली तर अंदाजाला अर्थ उरत नाही. हात वर करायला सांगितलं तर मुलं एकमेकांकडे बघून ठरवतात. आणि 'मी' व 'इतर' हे प्रश्न वेगळे विचारले नाहीत तर सगळ्यात बोलका फरक हातातून निसटतो, कारण आपण इतरांपेक्षा लवकर थांबू असं जवळजवळ प्रत्येकालाच वाटत असतं. ज्यांनी प्रयोगाबद्दल आधी वाचलं आहे त्यांना चिठ्ठीच्या कोपऱ्यात फुली मारायला सांगा आणि त्या चिठ्ठ्या वेगळ्या मोजा.